पावसाला कुलूप

ऑब्री पेन्टलोने टोस्टला लोणी लावणं अर्ध्यावर थांबवलं आणि बहिणीला विचारलं, "विनी, आपल्या घराची किल्ली कुठे असते गं?"

विनी ओट्याशी पाठमोरी उभी राहून चहा गाळत होती. "कसली किल्ली?"

"पुढच्या दाराची."

"पुढच्या दाराला किल्ली आहे?"

"भोक तरी आहे."

"त्यात कुंभारीण माशीने घर केलंय, दोन वर्षं झाली. का? कुठे निघालायस?"

ऑब्री कुठेच निघाला नव्हता. एकाहत्तर वर्षांत तो गॅनेट बेट सोडून सहा वेळा टास्मानियाला जाऊन आला होता, त्यातलं एकदा चुकून. किल्लीची चौकशी त्याने केली ती मांडीवरच्या पुस्तकामुळे. डेटाबेस सर्व्हर कसा उभारावा याचं ते चारशे बारा पानांचं पुस्तक त्याने अख्खा हिवाळा शिसपेन्सिल हातात धरून वाचलं होतं. शाळेच्या ग्रंथालयात अडतीस वर्षं काढलेला माणूस. पुस्तक आधी पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचायचं आणि मगच कशाला हात लावायचा, एवढंच त्याला ठाऊक होतं. विसावं प्रकरण मात्र त्याने तीनदा वाचूनही त्याच्या गळी उतरत नव्हतं. दूरच्या माणसाला आत कसं घ्यावं, तो तोच आहे हे कसं ओळखावं आणि बाकीच्यांना बाहेर कसं ठेवावं, असा त्याचा विषय. लेखकाने असं गृहीत धरलं होतं, की वाचणाऱ्याला कुलूप म्हणजे काय ते माहीत असणार.

गॅनेट बेटावर कुलूप नव्हतं. घरं उघडी असायची. गाड्यांच्या किल्ल्या गाडीतच लटकत असायच्या, म्हणजे कुणाला अडचण झाली तर त्याने गाडी बाजूला घ्यावी. बेटावर पोलीस एकच, आणि तोही अर्धा वेळ पोस्टमन.

आता एवढ्या साध्या लोकांना सर्व्हर कशाला हवा होता? तर पावसासाठी. बेटावरच्या अकरा शेतांत अकरा पर्जन्यमापकं होती आणि त्यांच्या नोंदी चौऱ्याण्णव वर्षं एकही दिवस न चुकता ठेवलेल्या होत्या. गेली एकतीस वर्षं त्या ऑब्री ठेवत होता. रोज सकाळी नऊला फोन वाजायचा. "ऑब्री, सात." "ऑब्री, साडेचार." "ऑब्री, काही नाही, नुसतं दव." अकरा फोन, अकरा आकडे, अर्ध्या अर्ध्या मिनिटाचे. ऑब्री लाजाळू होता. माणूस समोर आला की त्याला आपले हात कुठे ठेवावेत हेच कळायचं नाही. दिवसभरात त्याचं जगाशी बोलणं व्हायचं ते एवढंच, आणि ते त्याला पुरायचं.

मग हिवाळ्याच्या तोंडावर मुख्य भूमीवरच्या कार्यालयातून पत्र आलं. वह्यांचे दिवस संपले, यापुढे नोंदी यंत्रात हव्यात. प्रत्येक शेतकऱ्याने आपल्या घरून जोडून घेऊन आपला आकडा आपण भरायचा, आणि दुसऱ्याच्या आकड्याला हात लावता येता कामा नये. परक्या माणसाला तर उंबरासुद्धा ओलांडता येता कामा नये. आमच्या अधिकारी मिस फरुजा वसंतातल्या पहिल्या शुक्रवारी दुपारी बारा वाजता इथूनच तपासणी करतील. व्यवस्था पटली नाही, तर चौऱ्याण्णव वर्षांच्या वह्या सुरक्षिततेसाठी शहरात हलवण्यात येतील.

"म्हणजे इथला पाऊस तिथे नेऊन ठेवणार," विनी पत्र वाचून म्हणाली. "मग तू सकाळी नऊला काय करणार?"

ऑब्रीने पुस्तक मागवलं.

*

पासवर्ड वाटपाची सभा तपासणीच्या तीन आठवडे आधी, एका रविवारी दुपारी गावच्या हॉलमध्ये झाली. अकराच्या अकरा शेतकरी आले, कारण विनीच्या हातच्या गरम स्कोन खायला होत्या.

"पासवर्ड म्हणजे असा शब्द," ऑब्री टेबलाच्या कडेशी बोलत असल्यासारखा म्हणाला, "की जो फक्त आपल्यालाच माहीत असतो."

"आणि मी विसरलो तर कुणाला विचारू?" मर्व्हिन ड्रिस्कलने विचारलं. त्याला सगळे मर्व म्हणत. मोठा आवाज, मोठे हात, आणि बेटाच्या उत्तर टोकाला एक मोठं शेत.

"कुणालाच नाही."

"ही काय पद्धत झाली? बरं, माझा 'बिस्किट' लिही."

"मर्व, ते तुझ्या कुत्र्याचं नाव आहे. सगळ्यांना माहितीय."

"मग काय आता कुत्रा बदलू?"

"आणि पासवर्ड मोठ्याने सांगायचा नसतो."

मर्वने सभोवार पाहिलं. "इथे परकं कोण आहे?"

तासाभरात अकरा कुत्र्यांची अकरा नावं ठरली, आणि कुणी विसरू नये म्हणून विनीने ती, अक्षर बरं असल्यामुळे, चहाच्या पाळ्यांच्या फळ्यावर ओळीने लिहून ठेवली. ऑब्रीने घरी येऊन डोकं धरलं. मग त्याने स्वतःच अकरा अवघड पासवर्ड तयार केले, ते पाकिटांत घालून चिकटवले, आणि प्रत्येक पाकिटासोबत सुरक्षिततेच्या पाच नियमांचा छापील कागद दिला. तो कागद अकरा जणांपैकी एकटीने वाचला. तिचं नाव थोरा ब्लायथ.

यंत्र थोराकडेच होतं. घरोघरी इंटरनेट आकडा पाठवण्यापुरतं रखडत चालायचं; नीट चालायचं ते फक्त उत्तर टोकाच्या मनोऱ्याखाली, म्हणजे थोराच्या लोकर कातरायच्या शेडमध्ये. ऑब्रीच्या घरापासून बेचाळीस किलोमीटर. शेडला कुलूप हवं, असं पुस्तकात लिहिलं होतं. बेटावरच्या दुकानात कुलूप मिळत नव्हतं. ते आठवड्याच्या बोटीने आलं. लावलं त्या दिवशी चार-पाच कुटुंबं ते बघून गेली.

बाकी सगळं ऑब्रीने घरबसल्या केलं. यंत्राला दोन दारं होती. एक पुढचं, आकडे भरणाऱ्यांसाठी; एक मागचं, दुरुस्ती करणाऱ्यासाठी, म्हणजे त्याच्या एकट्यासाठी. पुढच्या दारावर जणू एक द्वारपाल बसलेला, आणि त्याच्या हातात ऑब्रीने लिहिलेली यादी. या नावाचा माणूस, बंदिस्त वाटेने आला, पासवर्ड बरोबर असला, तर आत घे. अशा अकरा शेतकऱ्यांच्या अकरा ओळी, एक त्याची स्वतःची, आणि एक मिस फरुजांची. त्यांनी एका मंगळवारी साध्या मेलने कळवलं होतं, की तपासणीसाठी माझ्या नावाने खातं उघडा आणि पासवर्ड 'गॅनेट१२३' ठेवा. एवढा सोपा पासवर्ड पाहून ऑब्रीला अवघडल्यासारखं झालं. पण कार्यालयातल्या बाईंना नाही म्हणणं त्याहून अवघड, म्हणून त्याने तो ठेवला. यादीची शेवटची ओळ होती: 'ऑल', म्हणजे बाकी सर्व, त्यांना मनाई.

यंत्र सुरू केल्याच्या दुसऱ्याच दिवशी त्याने द्वारपालाची रोजनिशी उघडली आणि दोन तास तो तिथून उठला नाही.

"विनी, इकडे ये. काल आपल्याकडे एक हजार चारशे बारा लोक येऊन गेले."

"कुठे?"

"यंत्राच्या दाराशी. कुठून कुठून येतात बघ. ही नावं बघ. कुणी म्हणतो मी मालक, कुणी म्हणतो मी मुख्य व्यवस्थापक. एक जण तर पहाटेपासून दर सात सेकंदांनी नवा पासवर्ड सांगतोय."

विनीने चष्मा लावून पाहिलं. "आपला पाऊस चोरायला?"

"तेच कळत नाही. त्यांना काय हवं असेल?"

"विचारलंस का?"

"विचारायची सोय नाही. नुसतं हाकलायचं."

"सात सेकंदांनी एकदा म्हणजे फार चिकाटी झाली रे," विनी म्हणाली. "बिचाऱ्याला कुणीतरी चहा तरी विचारायला हवा." ऑब्रीलाही आतून थोडं तसंच वाटत होतं. एवढ्या लांबून माणूस आला, दार वाजवलं, आणि आपण पडद्यामागून बघत बसलो. त्याने त्या अनोळखी पत्त्यांची एक वेगळी यादी करून ठेवली, देशवार. उपयोग काही नव्हता. पण रोज सकाळी आधी तो तीच वाढवायचा.

*

घोळ झाला तो गुरुवारी दुपारी, आणि कारण एवढंच की ऑब्रीकडे वेळ होता.

सगळं तयार होतं. शेवटचं म्हणून त्याने द्वारपालाची यादी पुन्हा डोळ्यांखालून घातली आणि त्याला कसंतरी झालं. जसजशी पाकिटं वाटली गेली, तसतशी नावं यादीत चढली होती. व्हीलर, मग ब्लायथ, मग पेन्टलो, मग ड्रिस्कल. अडतीस वर्षांत त्याने एक कार्ड कधी चुकीच्या जागी राहू दिलं नव्हतं. उद्या शहरातल्या बाई बघणार, आणि त्यांच्यासमोर ही अशी यादी. त्याने मागच्या दाराने आत जाऊन यादी इंग्रजी वर्णानुक्रमाने लावली. अगदी नीट, एकूण एक ओळ. ब्लायथ, ड्रिस्कल, फरुजा, असं करत व्हीलरपर्यंत. 'ऑल' अक्षरक्रमाने सगळ्यांच्या आधी येतं, म्हणून ते सगळ्यात वर गेलं.

पुस्तकात, पान दोनशे सत्त्याण्णववर, लिहिलं होतं की द्वारपाल यादी वरून खाली वाचतो आणि आलेल्या माणसाला लागू पडणारी पहिली ओळ मिळाली की तिथेच थांबतो. पुढचं वाचत नाही. या वाक्याखाली ऑब्रीने स्वतः पेन्सिलीने रेघ मारली होती. पण कार्डाच्या पेटीत कुणी वरून पहिलं कार्ड वाचून थांबत नाही, आणि हाताची सवय डोक्याचं ऐकत नाही.

त्याने यंत्राला यादी पुन्हा वाचायला सांगितली. पुढच्या दाराने तो सकाळपासून आत बसलेला होताच. जो आत आहे त्याला द्वारपाल उठवून बाहेर काढत नाही, त्यामुळे सगळे आकडे त्याला व्यवस्थित दिसत राहिले. समाधान वाटून त्याने विसाव्या प्रकरणातला शेवटचा सल्ला पाळला: काम संपलं की दुरुस्तीचं दार कायमचं बंद करावं. मागचं दार बंद केलं. मग पुढच्या दाराने बाहेर पडला. पुस्तक मिटलं, आणि विनीला म्हणाला, "झालं. आता उद्या मला काही काम नाही."

"मग चेहरा असा का?"

"कसा?"

"सुट्टी लागलेल्या मास्तरासारखा."

*

शुक्रवारी पहाटे पाऊस आला. सहा कोरड्या आठवड्यांनंतरचा. पत्र्यावर तो असा वाजत होता की नऊ वाजता फोनची घंटा ऐकू येईना.

"ऑब्री, तुझं यंत्र मला आत घेत नाही," मर्व ओरडला.

"पासवर्ड बघून टाइप केलास का?"

"चार वेळा केला. म्हणतं, तुम्हाला मनाई आहे. मला? माझ्या पावसाला? आणि काय रे, थोराला घेतलं का आत?"

ऑब्रीने फोन ठेवला, तो पुन्हा वाजला. आणि पुन्हा. अकरा फोन, अकराही जणांना मनाई. ऑब्रीने स्वतः जाऊन पाहिलं. द्वारपालाने त्यालाही मनाई केली. मागचं दार त्याने स्वतःच्या हाताने बंद केलेलं. तो हळूच पुस्तक उघडून पान दोनशे सत्त्याण्णववर गेला, आणि तिथली स्वतःची रेघ त्याने बघितली.

"विनी," तो म्हणाला, "मी सगळ्यांना बाहेर ठेवलंय. त्या चौदाशे लोकांना, आणि आपल्या अकरा जणांना, आणि मिस फरुजांना. अक्षरक्रमाने."

"मग आत कोण आहे?"

"कुणीच नाही. नुसतं यंत्र. त्याच्या समोर जाऊन बसल्याशिवाय ते आता उघडायचं नाही."

विनीने एप्रन काढला. "बाराला किती वेळ आहे?"

"अडीच तास."

"थोराकडे पोचायला सव्वा तास. चल. पुस्तक घे."

सव्वा तास लागला असता, पण बेटावर दोन गाड्या समोरासमोर आल्या, की रस्त्याच्या मधोमध थांबून काचा खाली करून बोलायचं असतं. न थांबता पुढे जाणारा माणूस एक तर आजारी असतो किंवा पर्यटक. त्या दिवशी वाटेत पाच गाड्या भेटल्या, आणि पाचही जणांना मनाई झालेली होती. विनी प्रत्येकाला तेच उत्तर देत होती: "अरे बाबा, तोच उघडायला चाललोय." तरी दर गाडीमागे दोन मिनिटं गेली. थोराच्या फाटकाशी पोचले तेव्हा अकराला पाच कमी होती.

थोरा ब्लायथ शेडच्या दारात उभी होती. उंच, बारीक, हातात घमेलं. शाळेत ती ऑब्रीच्या एक इयत्ता मागे होती.

"थोरा, शेडची किल्ली दे जरा. घाई आहे."

"देता येणार नाही," थोरा म्हणाली.

ऑब्रीला वाटलं पावसात नीट ऐकू आलं नाही. "किल्ली. यंत्राची."

थोराने कोटाच्या खिशातून प्लास्टिकच्या पिशवीत जपून ठेवलेला छापील कागद काढला. "नियम चार. किल्ली कुणालाही देऊ नये. ओळखीच्या माणसाने मागितली तरी देऊ नये. मी मागितली तरी देऊ नये. खाली सही, ऑब्री पेन्टलो."

"ते मी अशासाठी लिहिलं, की फोनवर कुणी माझा आवाज काढून..."

"फोनवर असं कुठे लिहिलंय यात?"

"थोरा, आपण साठ वर्षं एकमेकांना ओळखतो."

"तेच म्हणते मी. ओळखीच्या माणसाने मागितली तरी, असंच लिहिलंय." तिला यात मजा वाटत नव्हती, ती अगदी मनापासून बोलत होती. "सगळ्या बेटात तुझा कागद वाचला तो मी एकटीने. आता तूच मोडायला सांगतोस?"

ऑब्रीचे कान लाल झाले. आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी त्याचा शब्द जसाच्या तसा पाळत होतं, आणि ते नेमकं आज.

"पुढचं वाच की," विनी गाडीतूनच म्हणाली. "काहीतरी वाट ठेवली असेल ना त्याने."

"ठेवलीय. पर्जन्य समितीचे दोन सदस्य समक्ष हजर असतील तर."

"समितीत आहातच कोण तुम्ही? तू, ऑब्री आणि मर्व. झाले की दोन."

"ऑब्री मागणारा आहे. मागणारा धरत नाहीत." थोराने कागद पुन्हा पिशवीत घातला. मग कुंपणापलीकडे न बघता म्हणाली, "आणायचा असेल तर आणा त्याला."

थोरा आणि मर्वच्या शेतांमध्ये एक तारेचं कुंपण होतं, आणि नऊ वर्षांचा अबोला. थोराचा पाऊस रोज मर्वपेक्षा चार-पाच मिलिमीटर जास्त भरायचा. एवढ्या पाच-पन्नास पावलांत ढग असा भेदभाव करेल हे मर्वला मान्य नव्हतं. ती वाढवून सांगते, असं तो म्हणायचा. त्याने मापक पाइनच्या झाडाखाली ठेवलंय, असं ती म्हणायची. दोघंही हे ऑब्रीला म्हणायचे, आणि ऑब्री दोघांनाही "हं" म्हणायचा.

"मी नाही येत तिच्या दारात," मर्व गोठ्याच्या वळचणीला उभा राहून म्हणाला.

"मर्व, बाराला बाई तपासणार आहेत," कुंपण ओलांडून आलेला ऑब्री म्हणाला. "यंत्र बंद दिसलं तर वह्या जातील."

"कुठे?"

"शहरात. पेट्यांत घालून."

मर्वने हनुवटी खाजवली. "थोराच्या पण?"

"सगळ्यांच्या."

"म्हणजे तिने खोटं लिहिलं असेल तर ते कायमचं तिकडे जाऊन बसणार." तो विचारात पडला. "येतो. पण एका अटीवर. मला तिचं मापक बघायचंय. आजचं पाणी अजून त्यात आहे का?"

होतं. यंत्राने आकडा घेतला नाही तोवर पाणी ओतायचं नाही, पुरावा म्हणून, असं थोराने ठरवलं होतं. मर्वची अट तिला सांगितली, तर ती एवढंच म्हणाली, "खुशाल बघू दे. हात धुऊन बघ म्हणावं."

अशा रीतीने बाराला वीस कमी असताना समितीचे दोन सदस्य समक्ष हजर झाले, किल्ली पिशवीतून निघाली, कुलूप उघडलं, आणि ऑब्री लोकरीच्या गठ्ठ्यांमधल्या, यंत्रासमोरच्या खुर्चीवर जाऊन बसला. यंत्राने समोर बसलेल्या माणसाला तक्रार न करता आत घेतलं. त्याने यादी उघडली. किती सुंदर दिसत होती. सगळी नावं आपापल्या जागी. त्याला वाईट वाटलं, पण त्याने 'ऑल' उचललं आणि सगळ्यांच्या खाली नेऊन ठेवलं. बोटं थंडीने आखडली होती. एका ओळीला त्याला सात मिनिटं लागली. आता यंत्राला फक्त सांगायचं होतं, यादी पुन्हा वाच.

तेवढ्यात विनी तिचा फोन घेऊन आत आली. "घरचे फोन मी इकडे वळवून आले होते. मिस फरुजा आहेत."

ऑब्रीने घड्याळ पाहिलं. बाराला बारा कमी.

"मिस्टर पेन्टलो," पलीकडचा आवाज तरुण आणि चटपटीत होता, "माझी तपासणी संपली."

"पण बारा वाजायचेत अजून."

"साडेअकरालाच सुरू केली. वेळ सांगितली की लोक तेवढ्यापुरतं अंगण झाडून ठेवतात. मी एकवीस तऱ्हेने आत यायचा प्रयत्न केला. एकदाही जमलं नाही."

"हो," ऑब्री म्हणाला. "त्याचं असं आहे..."

"आणि ते 'गॅनेट१२३'. उघड्या मेलने पासवर्ड मागवायचा, तोही असला. हा आमचा सापळा असतो. दहातले आठ जण भिडेखातर खातं उघडून देतात. तुमच्या यंत्राने मला त्यानेही आत घेतलं नाही. खरं सांगू, इतकं बंद दार मी या राज्यात पाहिलेलं नाही."

ऑब्रीने डोळे मिटले. खोटं बोलणं त्याला जमत नसे. जमलं असतं तर त्याच्या आयुष्यात पुष्कळ गोष्टी सोप्या झाल्या असत्या. "मिस फरुजा, मला तुम्हाला एक सांगायला हवं. हे सगळं कसं झालं, तर मी काल दुपारी..."

"नको," ती घाईने म्हणाली. "कसं केलंत ते मला सांगू नका. फोनवर तर मुळीच नको. तुम्ही मिस्टर पेन्टलोच आहात, हे तरी मला कुठे माहीत आहे?"

"मी तोच आहे. दुर्दैवाने."

"तेही नको सांगायला. वह्या बेटावरच राहतील, असं मी लिहून टाकते. एकच सुधारणा करा. तुम्ही पाठवलेल्या आराखड्यात सगळ्यांना सगळ्यांचे आकडे दिसतात. ते नको. ज्याचा त्याला दिसेल, बाकी फक्त तुम्हाला. आजच्या आज."

फोन बंद झाला. ऑब्रीने आधी फरुजांची ओळ गुपचूप खोडली, नंतर यंत्राला यादी वाचायला लावली, आणि ज्याचा त्याला ही सुधारणाही तिथेच, पुस्तक मांडीवर ठेवून, करून टाकली.

बाहेर आला तर मर्व आणि थोरा पावसात मापकाशी उभे होते. मापक मोकळ्या जागी, सरळ खांबावर, अगदी नियमाप्रमाणे. मर्वने थोराच्या मापकातलं पाणी स्वतःच्या घरून आणलेल्या नळीत ओतून दुसऱ्यांदा मोजलं होतं.

"सव्वीस," तो ऑब्रीला म्हणाला. कुणीतरी गेल्याची बातमी सांगावी तसा. "माझ्याकडे एकवीस. नऊ वर्षं खराच पडत होता रे."

"झाडाखाली कसा पडेल?" थोरा म्हणाली. नऊ वर्षांत ती त्याच्याशी थेट बोललेलं हे पहिलं वाक्य.

*

शनिवारी सकाळी नऊ वाजता ऑब्री फोनशेजारी बसला. पाऊस रात्रभर होता. पडद्यावर एकेक आकडा आपोआप उमटत होता: व्हीलर अठरा, ब्लायथ चोवीस. कुणी अडखळलं नाही, कुणाला मनाई झाली नाही. सव्वानऊपर्यंत अकराच्या अकरा नोंदी पूर्ण झाल्या. फोन वाजला नाही.

"चांगलं चाललंय की," विनी म्हणाली.

"फारच चांगलं," ऑब्री म्हणाला, आणि टोस्ट न खाता सरकवून ठेवला. वह्या कपाटात होत्या, कुठे जाणार नव्हत्या. त्याने देशवार यादी उघडली. सात सेकंदवाला आजही होता. त्याला वाटलं, यापुढे सकाळी आपल्या दाराशी येणारा हा एकटाच.

साडेनऊला फोन वाजला. थोरा.

"आकडा आलाय तुझा," ऑब्री म्हणाला. "चोवीस. काही अडचण?"

"अडचण नाही. मर्वने काल संध्याकाळी मापक हलवलं म्हणे. झाडाखालून मोकळ्यावर."

"असं का?"

"मग आज त्याच्याकडे किती? यंत्रात मला माझंच दिसतंय फक्त."

"ते सांगता येत नाही, थोरा. ज्याचं त्यालाच."

"बरोबर आहे," थोरा म्हणाली. पण तिने फोन ठेवला नाही. हवा विचारली. विनीच्या गुडघ्याचं विचारलं. ऑब्री सध्या काय वाचतोय ते विचारलं, आणि त्याने सांगितलं तर ऐकूनही घेतलं. मग म्हणाली, "विसाच्या वर की खाली, एवढं तरी?" ऑब्री नाही म्हणाला. त्याला स्वतःचंच आश्चर्य वाटलं, की नाही म्हणता येतं, आणि नाही म्हटल्यावर माणूस आणखी गोड बोलतो. वीस मिनिटांनी फोन संपला.

"काय म्हणत होती एवढं?" विनीने विचारलं.

"मर्वचा आकडा विचारत होती. मी नाही सांगितला."

"शहाणा आहेस. किती आहे?"

"पंचवीस."

विनीने भिंतीवरची टोपी काढून डोक्यावर ठेवली आणि ताटलीतल्या स्कोन फडक्यात बांधल्या.

"कुठे चाललीस?"

"थोराकडे. बरेच दिवस जायचं होतं."

दार ओढलं गेलं, गाडी सुरू झाल्याचा आवाज आला. ऑब्री उठून तिला थांबवणार, तेवढ्यात फोन पुन्हा वाजला. मर्व होता. आणि तो, एकतीस वर्षांत पहिल्यांदाच, मिलिमीटरचं काहीएक न बोलता विचारत होता, "काय ऑब्री, बरा आहेस ना? म्हटलं, सहज चौकशी करावी."

ऑब्रीने खुर्ची जवळ ओढली.